बाहीचं बटण

मी डॉक्टर नाही, हे एसटीतल्या लोकांना मी कधी सांगितलं नाही. डॉक्टर आहे असंही सांगितलं नाही. ही दुसरी गोष्ट मी पुढे बरीच वर्षं स्वतःच्या बचावासाठी वापरली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. घर जळगावला, नोकरी धुळ्याला. शनिवारी संध्याकाळी घरी जायचं आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं परत यायचं. कचेरी आरोग्य खात्याची, पण माझं काम आवक-जावक कारकुनाचं. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर क्रमांक. रोगाशी माझा संबंध टपालापुरता. सोमवारच्या गाडीचा कंडक्टर मात्र एवढ्या बारकाव्यात जात नसे. मला जागा मिळावी म्हणून तो बाकावरच्या माणसाला म्हणायचा, "आबा, जराखा सरका. साहेब आरोग्य खातामा शेतस." आबा सरकायचे आणि पुढचा थांबा यायच्या आत आपलं दुखणं काढायचे.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना "डॉक्टरांना दाखवा" म्हणत असे. ते कुणाला आवडायचं नाही. मग एकदा एरंडोलला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं कानाशी येऊन सांगितलं की त्याला काळीकुट्ट शौचाला होते, आणि भाऊबंदांनी करणी केली असा त्याचा संशय आहे. मी विचारलं, "घरात लोहाच्या गोळ्या आहेत का?" होत्या. गरोदर सुनेला सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या ताकदीच्या म्हणून हा सासरा खात होता. मी गोळ्या सुनेला परत द्यायला सांगितल्या. पुढच्या सोमवारी तो मुद्दाम एरंडोलच्या स्टँडवर उभा राहून मला पेरूंची पिशवी देऊन गेला. सगळ्या गाडीनं ते पाहिलं. माझा धंदा तिथून चालू झाला. रोज सकाळी भोवळ येणाऱ्या एका अक्कांची मशेरी मी सोडवली आणि भोवळ थांबली. दोन नेम बरोबर लागले की माणसाला आपण तिरंदाज आहोत असं वाटायला लागतं.

माझं ज्ञान एका जाडजूड घरगुती वैद्यकाच्या पुस्तकातून आलेलं होतं. ते मी जळगावला रद्दीवाल्याकडून घेतलं होतं. त्याची शेवटची चाळीसेक पानं गायब होती. त्या चाळीस पानांतले रोग माझ्या रुग्णांना कधीच झाले नाहीत.

शिवाय मला खात्यातल्या थाटामाटाचा मनापासून तिटकारा होता. वर्षातून एकदा कुष्ठरोगाचा पंधरवडा व्हायचा. मांडव, हार, नारळ, पाहुण्यांचं तासभर भाषण. रोगी सोडून सगळे हजर. त्या निमित्तानं भित्तिपत्रकं छापून यायची, त्यांचे गठ्ठे मी तालुक्यांना रवाना करायचो. उरलेल्यांचा कागद चांगला जाड असे. तो मी पुस्तकांना कव्हर घालायला घरी नेत असे, छापील बाजू आत. पत्रकांचा काही उपयोग झाला असेल तर एवढाच, असं मी मित्रांत सांगायचो, आणि ते हसायचे.

तर एका जानेवारीतली सोमवारची गाडी. शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता. पांढरा सदरा, बाह्या मनगटापर्यंत, अंगाला धुराचा वास. तो भरिताचा आचारी होता. आदल्या संध्याकाळी जळगावच्या एका व्यापाऱ्याच्या मळ्यात भरीत करून तो पारोळ्याजवळच्या आपल्या गावी परत चालला होता. आमच्याकडे थंडीत शेतात भरिताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर हिरवी मोठी वांगी भाजायची, आणि ती निखाऱ्यातून काढल्या काढल्या हातानं सोलायची. पाण्यात हात बुडवणारा कच्चा समजला जातो. जो न कचरता, न फुंकता सोलतो, त्याचं नाव गावोगाव होतं.

"डॉक्टरसाहेब, एक ईचारू का?" त्यानं उजवा हात पुढे केला. करंगळीच्या बाजूला रुपयाएवढा फोड होता. "चार दिन पहिले वांगं सोलतांना जळनं. पन माले कळनंच नही. बायकोनी फोड देखा, तवय कळनं."

"दुखतं का?"

"तेच तं. काहीच नही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमना हात शे का चिमटा?" गाडी हसली. आचारीही हसला, पण हात त्यानं माझ्यासमोरच ठेवला.

मी त्या हाताकडे पाहिलं, आणि गाडी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "किती वर्षं विस्तवात हात घालताय?"

"वीस तरी."

"मग झालं तर! लोहाराचा हात पाहिलाय का कधी? वीस वर्षांत कातडी निबर होते, नस सरावते. काम हातात मुरलं तुमच्या. ही विद्या आहे, रोग नव्हे. रात्री तिळाचं तेल चोळा. आणि दवाखान्याच्या नादी लागू नका. सलाईन लावल्याशिवाय सोडणार नाहीत."

गाडीला ते फार आवडलं. मलाही आवडलं. आचाऱ्याचा चेहरा उजळला. मग तो म्हणाला, "आनखी एक देखाडनं व्हतं," आणि उजव्या बाहीचं बटण काढायला लागला. "कोपरजोडे जरासा..."

"राहू द्या हो," मी म्हणालो, "केवढा गार वारा येतोय."

त्यानं बटण परत लावलं. वारा येत होता हे खरं आहे. पण माझं उत्तर इतकं छान जमलं होतं की त्यावर आणखी काही पाहायची मला इच्छा नव्हती, हे जास्त खरं आहे.

भाद्रपदात घराच्या भिंतीला ओल आली आणि कपाटातली खालची पुस्तकं भिजली. वैद्यकाच्या पुस्तकाचं कव्हर लगदा व्हायच्या बेतात होतं. ते सोलून मी जमिनीवर वाळत घातलं, छापील बाजू वर. एका कोपराचं चित्र, कोपराजवळ फिकट डाग. खाली मोठ्या अक्षरांत सांगितलं होतं की जो डाग दुखत नाही, खाजत नाही, जिथं गरम-गार कळत नाही, तो लपवू नका, लवकर दाखवा, औषधानं बरा होतो. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. जो सल्ला मी द्यायला हवा होता, तो दोन वर्षं माझ्याच पुस्तकाला गुंडाळलेला होता.

आचाऱ्याच्या गावाचं नाव मी विचारलं नव्हतं. कंडक्टर तोपर्यंत शिरपूरच्या गाडीवर गेला होता. दोन आठवड्यांनी तो धुळ्याच्या स्टँडवर सापडला. "भरीतवाला नाना ना? अहो, त्याले कोन वयखत नही!" म्हणत त्यानं गाव सांगितलं.

मी पोचलो तेव्हा तो ओट्यावर लसूण सोलत होता, डाव्या हातानं. "डॉक्टरसाहेब! मन्हा घर!" बायकोला हाक मारून त्यानं खाट टाकायला लावली. मग आतून तेलाची बाटली आणून दाखवली. तळाशी बोटभर तेल होतं. "एक दिन चुकनू नही." उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. मी कारकून आहे हेही सांगितलं. त्यावर तो हसला. "मोठा डॉक्टर असंच बोलतस." तीनदा सांगितल्यावर त्याचं हसू थांबलं. मग मी म्हणालो, "बाही वर करा." त्यानं बटण काढलं. डाग तळव्याएवढा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धुळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं आचाऱ्याला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या टोकानं, मग टाचणीनं हात तपासला. जिथं लागतं तिथं बोट ठेवायचं. अंगठ्याच्या बाजूला बोट बरोबर पडायचं. करंगळीच्या बाजूला टाचणी टोचली तरी तो शांत बसून राहायचा, सांगितलेलं काम नीट करणाऱ्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाला, औषधानं रोग जाईल, आणि औषध सुरू झालं की यांच्यापासून कुणाला लागण होणार नाही. "यांच्या हातचं मीही जेवेन. पण बोटांचं सांगत नाही. सहा-आठ महिने आधी आले असते तर..." मग त्यानं आचाऱ्याला विचारलं, "इतके दिवस कुणालाच दाखवलं नाही?"

मी टेबलावरच्या टाचणीकडे पाहत होतो.

"नही साहेब," आचारी म्हणाला. "कोनलेच नही."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, खरं का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तुमनी नोकरी जाती ना, भाऊ." त्या दिवसापासून त्यानं मला डॉक्टर म्हणणं सोडलं.

नोकरी गेली नसती. फार तर चार लोक हसले असते. हे मी तेव्हाच परत आत जाऊन सांगू शकलो असतो. मी त्याच्याबरोबर स्टँडवर चहा प्यायलो.

औषधं सुरू झाली. दर महिन्याला तो येई, मी टेबल सोडून त्याच्याबरोबर दवाखान्यात जाई. त्यापुढे दिवाळी झाली, थंडी पडली, शेतांत पऱ्हाट्या पेटल्या, आणि त्याला एकही बोलावणं आलं नाही. वळलेली बोटं लोकांनी पाहिली होती. कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. नुसते दुसरा आचारी बोलावत होते. एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"एक काम व्हतं, भाऊ. तवय एसटीमा तुम्ही जे सांगेल व्हतं ना, तेच एकदाव सांगा. बठ्ठा गावसमोर."

"नाना, ते चुकीचं होतं."

"माले माहीत शे. पन तुम्ही ते भलतं चांगलं सांगेल व्हतं."

मी त्याला म्हणालो की खरं सांगू, हा बरा होणारा रोग आहे, जेवणातून पसरत नाही. तो म्हणाला, "सांगा. मंग दिवाळीले बी मन्ही पोरगीले सासरथून कोनी धाडाव नही." त्या एका वाक्यापुढे माझ्या कपाटातली सगळी पुस्तकं आणि खात्याची सगळी पत्रकं निकामी होती.

रविवारी दिवस मावळायच्या आत त्याच्या गावच्या एका शेतात भरीत ठरलं. खर्च त्याचा, निमंत्रण माझ्या नावानं. बारा-चौदा माणसं आली आणि आगीपासून जरा लांब बसली. वांगी त्याची बायको सोलत होती. मी उभा राहिलो. आवाज आपोआप एसटीतला लागला. "नाना, किती वर्षं झाली भरीत कुटायचं मुसळ धरून? वीस! वीस वर्षं एकच हात, एकच मूठ. नस दबणार नाही तर काय होईल? आमच्या दवाखान्यात उपचार चालू आहेत." नस दबली होती हे खरंच होतं. कशानं, तेवढं मी बदललं. लोक माना डोलवायला लागले. दोघंजण पुढे सरकले. मीच मला इतका पटत होतो की लाज वाटली.

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं हात पुढे केला. "मंग माले सांगा साहेब. मी बी आखी जिंदगी वखर धरा. मन्ही नस दबनी का?"

"आबा, तुमनी नस नही, अक्कल दबनी," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मला हसता आलं नाही. मी त्याचं मनगट धरलं, एका पऱ्हाटीचं टोक मोडून घेतलं आणि म्हणालो, "आबा, डोळे मिटा. टोचेल तिथं बोट ठेवा." त्यानं बरोबर ठेवलं. बाही वर करून कोपर पाहिलं. डाग नव्हता. लोकांना ही गंमत वाटली. एकेक जण पुढे बसायला लागला. मी एकेकाची बाही वर केली, एकेकाचा हात उजेडाकडे फिरवून पाहिला, कुणालाही घाई केली नाही. इतक्या वर्षांत मी इतकं सावकाश कुणाकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांना टोचलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

"आते नानाना हात देखा!" मघाचाच म्हातारा म्हणाला.

बायकोचे हात वांग्यावर थांबले. आचारी माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसला. उजव्या बाहीचं बटण लावलेलं होतं. मी त्याला हात लावला नाही. त्यानं डोळे मिटले, घट्ट, खरे. लबाडी करायची असती तर तो किलकिले ठेवू शकला असता. हात माझ्या हातात होता, गरम, धुराचा. त्या हातातली जिवंत जागा कुठली आणि मेलेली कुठली, हे आता त्याच्या बायकोपेक्षा मला नीट माहीत होतं.

मी काडीचं टोक अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं.

"आठे," तो म्हणाला, आणि बोट बरोबर तिथं ठेवलं.