बस्त्यावकाकांचं कोलोन

इरा, निशांत, तुम्ही जर्मनीला निघालात, म्हणून बस्त्यावकाकांविषयी लिहिते. दुबईत, देऱ्यातल्या ज्या ट्रॅव्हल ऑफिसात मी नोकरीला होते, तिथे ते जर्मनीच्या सहली विकायचे, आणि विकताना खुर्चीवरून उठून उभे राहायचे. "कोलोन म्हणजे अत्तर नव्हे, हबीबी, शहर आहे! स्टेशनाबाहेर पडलात की समोरच कॅथेड्रल. आधी मान वर करा, फोटो मागून." हॅम्बुर्गच्या बंदरावर कुठे उभं राहायचं, म्युनिकला लांब बाकावर अनोळखी माणसांशेजारी कसं बसायचं, सगळं पाठ. "आणि रविवारी दुकानं बंद. दुबई समजून जाऊ नका."

वसईचा हा माणूस जर्मनीला कधीच गेला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आचारी आधी जेवतो काय?"

कागदांच्या बाबतीत मात्र कडक. "परत आल्यावर इथली रेसिडेन्सी, राहण्याचा परवाना हो, तीन महिने उरली पाहिजे. नाहीतर जर्मनीचा व्हिसा विसरा."

साठीला आल्यावर, एका फेब्रुवारीत, त्यांनी स्वतः जर्मनी बघायला मे महिन्याची रजा मागितली. अर्ज मीच टाइप केला. मालक आपलाच, मराठी. म्हणाला, "बस्त्याव, सीझनमध्ये तू गेलास तर जर्मनी विकणार कोण? ऑगस्टअखेर जा, इन्शाल्ला." काका खुशीत बाहेर गेले. दार लागल्यावर मालक मला म्हणाला, "मॅडम, ह्याची रेसिडेन्सी ऑक्टोबरात संपते. रिन्यू करायची नाही. सीझन होईस्तोवर बोलू नका."

मी बोलले नाही. शिस्तीची बाई म्हणून ऑफिसात माझं नाव होतं. काका मेमध्ये गेले असते तर तीन महिने सहज उरत होते; ऑगस्टअखेर उरत नव्हते. काका मात्र सीझनभर गिऱ्हाइकांना सांगत राहिले, "ऑगस्टात मीपण येतो मागून!"

जुलैत मालकाने रेसिडेन्सी रिन्यू होणार नसल्याचं पत्र हातात ठेवलं. काकांनी कॅलेंडरवर महिने मोजले आणि स्वतःच्या जर्मनी व्हिसाची फाइल स्वतःच बंद केली. मग माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, तुला ठाऊक होतं?"

"हो. फेब्रुवारीपासून."

त्यांनी माझीच समजूत काढली. "जाऊ दे. तुझापण इथला व्हिसा त्याच्याच हातात ना? तू तरी काय करणार? खलास."

ते वसईला परतले. पगाराचं पत्र नसलेल्या माणसाला तिथून व्हिसा मिळणं किती कठीण, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गेल्या वर्षी ते वारले.

माझा दुबईचा व्हिसा तेव्हा तुमच्या आजोबांच्या नोकरीवर होता. मालक माझं काहीही बिघडवू शकत नव्हता. हे मी बस्त्यावकाकांना सांगितलं नाही.