काचेवरचं धुकं आणि देवीची ज्योत

देवी आपल्या भक्ताची वाट कधी अडू देत नाही, असं आई म्हणते. त्या दिवशी अमरावतीहून अकोटला येताना वाट मोकळीच होती. फक्त ती आम्हाला दिसत नव्हती.

बाबांचं बायपासचं ऑपरेशन सुखरूप झालं तर अमरावतीहून देवीची ज्योत आणून घरी घट बसवीन, असा आईचा नवस होता. बाबा बरे झाले. घटस्थापनेच्या सकाळी आम्ही तिघं गाडीने ज्योत आणायला गेलो. दर्शनाच्या रांगेत पावसाने पार भिजलो. परतताना आई मागे मांडीवर परात, परातीत तुपाचा दिवा घेऊन बसली. ज्योत विझली की नवस मोडला, म्हणून तिने खिडक्या लावायला सांगितल्या. एसी आणि पंखाही बंद करवला. तीन माणसांचे श्वास, तिघांचे ओले कपडे आणि एक दिवा. दर्यापूर मागे पडेपर्यंत समोरची काच आतून पांढरी झाली. मी रुमालाने पुसायचो, ती पुन्हा दाटायची. समोरून येणारा ट्रक मला अगदी जवळ आल्यावर दिसला.

बाबांना धाप लागली. म्हणाले, "माह्या जीवासाठी नवस केला, अन् आता मलेच गुदमरवून राहिली."

"तुमी बोलू नका. तुमच्याच वाफेनं काच धुरकटून राहिली," आई म्हणाली. शास्त्रदृष्ट्या ते खरंच होतं.

मी गाडी कडेला घेतली. काच उघडावी तर नवस जातो, न उघडावी तर ज्याच्यासाठी नवस केला तो माणूस. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. तरी ती ज्योत माझ्या हाताने विझावी, एवढं धैर्यही नव्हतं. स्टिअरिंगवर हात ठेवून मी नुसता बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणालो, आता तूच बघ.

समोरच्या घराच्या ओसरीतून जाळीची टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन आले. "काहून थांबले भाऊ? कोनाची तब्येत बिघडली का?" मी सांगितलं. ते घरात गेले आणि कंदील घेऊन आले.

आई चाचरली. "यात रॉकेल असन न भाऊ? देवीले तूप लागते."

"ताई, ज्योत घ्या तुमी. रॉकेलचा गुनाह माह्या नावावर."

"घे ना वं," बाबा म्हणाले. "देवी हुंगत नाई बसत."

छत्रीच्या आडोशाला दिव्यावरून कंदील लागला. मी एसी लावला, हवा समोरच्या काचेकडे वळवली, खिडक्या बोटभर उघडल्या. काच खालून वर हळूहळू उजळत गेली आणि रस्ता दिसू लागला. कंदिलाची ज्योत हलली नाही. बाबांची धाप कमी झाली. मागे आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती.

घट बसला. तेव्हापासून शरण जाणं म्हणजे सगळं घट्ट धरून बसणं, असं मला वाटत नाही. थोडी फट ठेवावी लागते. मदत तिथूनच येते. ते गृहस्थ कोणी पाठवले, यावर मी वाद घालत नाही. दसऱ्यानंतर कंदील परत द्यायचा होता, तो रिकामा कसा द्यायचा म्हणून मी आधी रॉकेल शोधलं. रेशनवरही ते केव्हाच बंद झालेलं; अख्ख्या अकोटात कुठेच मिळालं नाही.