रोह्याची मॅच आणि मालूची हाक

धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात उभा जन्म काढलेली मालू फुटबॉलच्या नादी लागली ती भांडणातून. बारा वर्षांपूर्वी गावची पोरं पडीक मिठागराच्या सपाट जमिनीवर खेळायला लागली, आणि त्यांचा बॉल सारखा हिच्या बांधावर आपटायला लागला. मालू तरातरा गेली. पोरं म्हणाली, "काकी, मॅच संपू दे, मग काय ती शिवी घाल." ही थांबली, आणि थांबतच राहिली. नियम कुणी शिकवले नाहीत. बघून बघून तिला ऑफसाइडसुद्धा कळायला लागली. टीम पेणला जावो की वडखळला, टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा मालूकाकीची. आवाज असा खणखणीत, की खाडीपलीकडच्या माणसाने वळून बघावं.

गेल्या महिन्यात रोह्याला फायनल होती. दहा मिनिटं उरली तेव्हा गाव दोन गोलांनी पुढे होतं. मालूची सून प्रतिक्षा तर कप ठेवायचा कुठे, यावर बोलत होती. तेवढ्यात रोह्याचा एक गोल झाला. पाठोपाठ दुसरा झाला. मालू उठून मैदानाकडेच्या दोरीपाशी गेली.

अगदी शेवटी बॉल आपल्याच गोलाजवळ कॅप्टन हर्षदच्या पायाशी होता आणि रोह्याच्या तिघांनी त्याला घेरलं होतं. दोरीला धरून मालू ओरडली, "हर्षद, मागं दे!"

त्याने मागे दिला. पण गोलकीपर प्रविण जागा सोडून पुढे आला होता. बॉल त्याच्या बाजूने इतका सावकाश गेला, की मालूला वाटलं, कुणीतरी धरेल. कुणी धरला नाही. आपल्याच माणसाचा आपल्यावरच गोल.

शिट्टी वाजलेली तिला कळलीच नाही. प्रतिक्षाने दोरीवरची तिची बोटं सोडवली. घरी तिने ताटात भात वाढून घेतला आणि कोरडाच चिवडत बसली. दुसऱ्या दिवशी मीठ ओढता ओढता ती मध्येच उभी राहायची. आपण गप्प बसलो असतो, तर पोराने तो बॉल बाहेर मारला असता. अकरा पोरांची वर्षाची मेहनत आपल्या एका हाकेने गेली. हे तिला कुणाला सांगवेना.

तिसऱ्या दिवशी ती हर्षदकडे गेली. तो कंपनीतून शिफ्ट करून आला होता, ओट्यावर बसून बूट धूत होता.

"हर्षद, त्या टायमाला मी मागं दे म्हणून वरडले," ती म्हणाली. "माझं ऐकून दिलास तू."

"कवा? मला काय ऐकू नाय आलं. मला वाटलं प्रविण गोलात हाय. बघायला पायजे होतं, नाय बघितलं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"नाय गो काकी. खेळताना बाहेरचं कायच ऐकू येत नाय."

मालूने मोठा श्वास सोडला. तीन दिवसांचं ओझं उतरलं. आणि मग तिच्या डोक्यात दुसरंच काही लख्ख झालं.

"कधीच नाय?"

"नाय."

"वडखळला तुझी पेनल्टी होती. डावीकडं मार म्हणून सांगितलं मी. डावीकडंच मारलीस."

हर्षदने बूट उलटा करून पाणी निथळलं. "मी नेहमी डावीकडंच मारतो, काकी."

मालू ओट्यावर टेकली. रोह्याला बसला नव्हता एवढा धक्का तिला इथे बसला. बारा वर्षं घसा फोडला, तो कुणासाठी? हर्षदच्या आईने आणलेला चहा ती प्याली. कप खाली ठेवला, तरी उठेना.

"पुढची मॅच कवा?"

"रविवारी. पेणला."

"प्रविणला सांग, जागा सोडून पुढं येऊ नको म्हणावं," मालू म्हणाली. "आजच सांग. तिथं माझं वरडणं ऐकू जाईल याचा काय भरवसा नाय."

हर्षद व्हय म्हणाला.