देणाऱ्यांच्या रांगेत

मास्तरीणबाईंनी माझ्या हातातलं कोहळं काढून घेतलं आणि आपल्या पोरीच्या हातात दिलं. भर चर्चमध्ये. सगळ्यांसमोर.

हंगामाच्या सणाचा रविवार होता. चांद्याच्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी जो तो घरचं काहीतरी घेऊन यायचा. नवं धान, कोंबडी, वांगी, गुळाची भेली. रांगेनं पुढं जाऊन वेदीपाशी ठेवायचं. मग बाहेर चिंचेखाली त्याचा लिलाव व्हायचा. जमलेला पैसा आमच्यासाठी असायचा. आम्ही म्हणजे मिशनच्या वसतिगृहातल्या पोरी. विकल्या जाताना वाचवलेल्या.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. वसतिगृहामागं, मोरीच्या पाण्यावर मी कोहळ्याचा वेल लावला होता. त्यातलं सगळ्यात मोठं घेऊन मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढं सुशीला होती, मास्तरीणबाईंची मुलगी. तिच्या हातात फुलं होती.

वसतिगृह चालवणाऱ्या मास्तरीणबाई कधी ओरडत नसत. गोड आवाजात म्हणाल्या, "जागा मिशनची, पाणी मिशनचं. यात तुझं काय आहे, बाळ? तू देणारी नाहीस. तुझ्यासाठी देतात. जा, तिकडे उभी राहा."

तिकडे म्हणजे भिंतीपाशी. दरवर्षी आम्हाला पांढरे झगे घालून तिथं उभं करत. कोणासाठी देतो, ते देणाऱ्यांना दिसावं म्हणून.

मी भिंतीपाशी गेले. सुशीलानं माझं कोहळं वेदीपाशी ठेवलं. पाद्रीसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवसापासून ती पोरगी माझ्या डोळ्यात सलत राहिली. तिचा निळा झगा, तिचे बूट, पायरीवर बसून तिची वेणी घालणारी तिची आई. हे सगळं तर सलायचंच. पण त्याहून जास्त सलायचं ते तिचं भरल्या हातानं पुढं जाणं. तिला देता येत होतं. रात्री अंथरुणात मी देवाकडं मागायची, हिचं सगळं जाऊ दे, हिलापण भिंतीपाशी उभं राहून दुसऱ्याचं घ्यावं लागू दे. हेवा पाप आहे, असं पाद्रीसाहेब शिकवायचे. मला ते पाठ होतं.

माझं गाव एटापल्लीच्याही पलीकडं, जंगलात. आई-बाप तापानं गेले. एक माणूस आला, काकाला म्हणाला, चांद्याला मोठ्या घरी काम आहे, पोरगी पोटभर खाईल. काकानं मीठ आणि लुगडं घेतलं. चांद्याच्या मोटारस्टँडवर त्या माणसानं मला दुसऱ्याच्या हवाली केलं. दुसऱ्यानं माझे दंड दाबून पाहिले आणि भाव पाडून मागितला. तिथं मिशन दवाखान्याच्या नर्स रूथबाई मोटारीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी मोडक्यातोडक्या गोंडीत मला विचारलं, कोणाची तू? मी रडायला लागले. त्यांनी लोक जमवले, पोलीस बोलावला. चर्चच्या दानावर मी वाचले, जेवले, शिकले. हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या वर्षी सणाला नागपूरहून मोठे पाहुणे यायचे होते. मास्तरीणबाई मला म्हणाल्या की आता तुझं मराठी चांगलं झालंय, तूच उभी राहून तुझी हकीकत सांग. त्या माणसानं कसं दाबून पाहिलं, तेही सांग. रडू आलं तर येऊ दे. आणि त्यांनी माझ्यापुढं सुशीलाचा तो निळा झगा ठेवला. तिला आता आखूड होत होता.

मी घेतला. खोटं कशाला बोलू? अंगात घालून दहादा गिरकी घेतली.

रविवारी माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. पाहुणे बाकावरून थोडे पुढं सरकून बघत होते. त्यांच्यात एक जाड चष्म्याचे गृहस्थ माझ्या पायापासून डोक्यापर्यंत नजर फिरवत होते. वाईट माणूस नसेल तो. पण ती नजर मी ओळखली. मोटारस्टँडवरची.

मी म्हणाले, "मी नाई सांगत. मले एकदा विकून झालं."

आणि भिंतीपाशी न जाता मी सुशीलाच्या बाकावर जाऊन बसले. ती सरकली. मास्तरीणबाई जवळ आल्या.

"उठ."

"नाई उठत."

मग पाद्रीसाहेबांनी गाणं सुरू केलं.

संध्याकाळी मास्तरीणबाईंनी झगा परत नेला. माझी शाळा बंद झाली, मला धान कांडायला लावलं. उपकार विसरली, असं पोरीसुद्धा म्हणू लागल्या. फक्त रूथबाई मुसळाशेजारी येऊन बसल्या. मी त्यांना म्हणाले, "बाई, मले बाजारात घेऊन चला. परक्यासंगं पोरगी चालली दिसली, तर मी तिले विचारीन, कोणाची तू? माझी गोंडी चांगली आहे."

त्या घेऊन गेल्या. आरमोरीच्या बाजारात एका परक्या माणसामागं एक पोरगी चालली होती, नजर मातीत घातलेली. मी तिच्याशी बोलले. तिला आपण कुठं चाललो तेच माहीत नव्हतं. माणूस गर्दीत पळाला. ती आमच्याबरोबर आली. मग आणखी आल्या. मी मोठी झाले, त्या पोरींचं मीच बघू लागले. चर्चचा पैसा लागत राहिला आणि मी तो मागत राहिले, मान वर करून. मास्तरीणबाई पांढरे झगे घेऊन आल्या की मी दारात उभी राहायची. त्या दोनदा आल्या. नंतर आल्या नाहीत.

सुशीलाचं लग्न मोठ्या घरी झालं. तिचा हेवा माझ्यातून गेला नाही. मी तो धुतलाही नाही. आपलं काय हिसकावलं गेलं, ते मला त्या हेव्यानंच दाखवलं.

नवी पोरगी आली की मी तिला आधी जेवू घालते. मग सांगते, "इथी कोणी तुले पुढं उभं राह्य म्हटलं, तर उठू नको. आधी विचार, काऊन? कशाले?"