तीन नंबरचा काटा

नवसाबाईला तीन नंबरच्या काट्याची भीती वाटते, हे केमिस्ट्री विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने ॲसिडच्या बाटल्या जिन्यावरून चढवल्या, फुटलेल्या काचा हातांनी वेचल्या, सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली बोटं पदराखाली लपवून लग्नकार्यांना गेली. कशाला भ्याली नाही. पण बॅलन्स रूम झाडताना ती तीन नंबरकडे पाठ करून झाडायची.

मुलं चिडवायची. "मावशी, तीन नंबरवर कोण बसलंय?"

"बसलंय त्याला बसू दे. तू तुझं तोल."

काटा म्हणजे जुना केमिकल बॅलन्स. काचेच्या पेटीत उभा, दोन पारडी, मधोमध लांब बारीक सुई. खालची खुंटी फिरवली की सुई डावीउजवीकडे झुलते. उलटी फिरवली की सगळं जागच्या जागी थांबतं. तीन नंबरची खुंटी कायम बंद असे. तरी सकाळी कुलूप काढून नवसाबाई आत जाई तेव्हा त्याची सुई हलत असे, नुकतंच कुणी तोलून उठल्यासारखी. रस्त्यावरच्या ट्रकांनी भिंती हादरतात, असं सर लोक म्हणत. मग बाकीचे पाच का हलत नाहीत, ते कुणी सांगत नसे. खंडेनवमीला ती सगळ्या काट्यांना झेंडूचं फूल वाही. तीन नंबरपुढे नुसती उभी राही आणि फूल परत घेऊन येई.

ती मूळची देवळ्याकडची, आठवी पास. नवरा भिकन याच विभागात लॅब अटेंडंट होता. कावीळ होऊन तो गेला आणि जून १९९०मध्ये अनुकंपेवर नवसाबाईला त्याच्या जागी घेतलं. ब्युरेट धुवायची, वायू बनवायच्या किपच्या उपकरणात ॲसिड भरायचं, हे सगळं ती पाहून पाहून शिकली. संध्याकाळचं एक काम मात्र तिला पहिल्याच आठवड्यात नीट समजावून दिलं होतं. प्रत्येक काट्याची वजनांची लाकडी पेटी असते. तीत मोठी वजनं पितळेची आणि मिलिग्रॅमची छोटी वजनं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, एक कोपरा वर वळवलेली. प्रत्येकाला आपली खाच. सगळ्या खाचा भरलेल्या आहेत ना, एवढं पाहून पेटी बंद करायची.

तीन नंबरच्या पेटीत सगळ्या खाचा भरलेल्या होत्या. पण पन्नास मिलिग्रॅमच्या वजनावर पन्नासचा आकडा नव्हता. तिथे अर्धी पाकळी होती.

ती पाकळी तिने लगेच ओळखली. घरी तिचा ॲल्युमिनियमचा कुंकवाचा करंडा होता, झाकणावर कमळ ठोकलेला. त्या झाकणाचा एक कोपरा वर्षभरापूर्वी गायब झाला होता. तिने विचारलं तेव्हा भिकन म्हणाला होता, "उंदरानं नेला आसंल."

"पत्रा खाणारा उंदीर?"

"नाशिकचा उंदीर हाय. त्याला काय."

दोघं हसली होती. हरवलेलं वजन त्याने असं भरून काढलं होतं. नवसाबाईने पेटी बंद केली आणि कुणाला काही बोलली नाही. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. आणि गेलेल्या माणसाचं नाव कशाला उकरायचं.

मार्च १९९१ला बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा आली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची यमुना गावित तीन नंबरवर बसली. तिच्या पाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. तिचं उत्तर चुकलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, इतका फरक पडेलच कसा, तू आकडे मनाने लिहिलेस.

"नाही सर. तीन नंबरच्या पेटीतलं पन्नासचं वजन बघा. त्यावर आकडा नाही, पाकळी आहे."

परीक्षक हसले. "पाकळी? मावशी, आणा हो ती पेटी."

नवसाबाई बॅलन्स रूममध्ये गेली. तीन नंबरची पेटी समोर होती. तिने चार नंबरची उचलली. झाकणावर पांढऱ्या रंगात चारचा आकडा होता, त्यावर तिने अंगठा ठेवला आणि पेटी परीक्षकांपुढे उघडून धरली. सगळी वजनं आकड्यांची निघाली.

"काटा खोटं बोलत नाही, गावित," परीक्षक म्हणाले. "माणूस बोलतो."

यमुना प्रॅक्टिकलला नापास झाली. पुन्हा बसायला ती आलीच नाही. नवसाबाईने त्याच संध्याकाळी तो तुकडा चिमट्याने काढला आणि घरी नेऊन करंड्यात टाकला. करंडा आता तिच्या कपाळाच्या कामाचा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तीन नंबरची सुई हलू लागली.

पुढे डिजिटल काटे आले. जुने काटे भिंतीकडे सरकवले गेले आणि त्यांच्यावर धूळ बसली. तीन नंबरच्या काचेवर मात्र धूळ बसत नसे, किंवा नवसाबाईला तसं दिसे. कधी तिला वाटे, स्टुलावर कुणी वाकून बसलंय, वेणी पुढे घेतलेली, सुई थांबायची वाट बघतंय.

२०२४च्या मे महिन्यात, निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना, विभागप्रमुख तेजस्विनी मॅडमनी जुन्या वस्तूंचं काचेचं कपाट मांडायला काढलं. तांब्याचं ऊर्ध्वपातनाचं भांडं, लांब चोचीचं रिटॉर्ट, उठावाच्या अक्षरांच्या बाटल्या, किपचं उपकरण. कशाचं काय, ते सांगायला नवसाबाईशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"आणि एक काटा ठेवू," मॅडम म्हणाल्या. "तीन नंबर सगळ्यात चांगला दिसतोय. कुणी वापरलेलाच नाही वाटतं." त्यांनी त्याची पेटी उघडली. "मावशी, पन्नास मिलिग्रॅमचं कुठाय?"

नवसाबाई म्हणाली, "घरी हाय. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी तिने करंडाच टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी चिमट्याने तो तुकडा उचलून डिजिटल काट्यावर ठेवला. आकडा थोडा इकडेतिकडे झाला आणि थांबला.

"एक्केचाळीस. नऊ मिलिग्रॅम कमी."

"त्यांनी तोलून नव्हता केला?"

मॅडमनी तुकडा खाचेत ठेवून पाहिला. चारी बाजूंनी नेमका बसला. "खाचेच्या मापाचा कापलाय, मावशी. वजनाच्या नाही."

भिकनला रिकामी खाच तेवढी झाकायची होती. त्या तुकड्याने पुढे कुणी काही तोलेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

"रिकामं भांडं आणि भरलेलं भांडं, दोन्ही वेळा हे वजन लागलं असतं तर चूक कापली गेली असती," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिला एकदाच लागलं असणार. आता सोडा ना, मावशी. तेहतीस वर्षं झाली. तुमच्या पेन्शनचे कागद सहीला गेलेत."

"मला तिच्याशी बोलायचंय. मी इथनं गेले तरी ती हितंच बसून राहील."

दुसऱ्या वर्षाला सुरगाण्याची तृप्ती नावाची मुलगी होती. तिने चार दिवसांत यमुनाचा फोन नंबर आणला. यमुना गावित पाड्यावर अंगणवाडी चालवत होती. मॅडमनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडून लहान मुलांचा कालवा ऐकू आला.

"मी नवसाबाई. कॉलेजातली."

कालवा दूर गेला. ती बाहेर आली असावी. "बोला, मावशी."

नवसाबाईने सांगितलं. पेटी बदलली, तेही सांगितलं.

"ती चार नंबरची होती," यमुना म्हणाली. "तुमचा अंगठा आकड्यावर होता. काळा अंगठा. मी पाहिला."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा खोटी ठरल्यावर दुसऱ्यांदा कोण ऐकतं, मावशी?" आवाज चढला नाही. "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, पोरगी अभ्यासात कमी पडली आणि काट्यावर ढकलते. ते वजन किती भरलं?"

"एक्केचाळीस."

"माझं नऊ जास्त आलं होतं," यमुना म्हणाली. "मला अजून पाठ आहेत ते आकडे. म्हणजे माझं बरोबर होतं."

"व्हय. तुझं बरोबर होतं."

नवसाबाई थांबली. माफ केलं, असं काही येईल, असं तिला वाटलं असावं. आलं ते वेगळंच.

"लेखी द्याल?"

मॅडमनी मान हलवून नको म्हणून खुणावलं.

"बाबा गेले," यमुना म्हणाली. "पण भाऊ आहे, भावजय आहे. त्यांच्या तोंडी अजून तेच आहे. कॉलेजच्या कागदावर द्या."

"देते."

फोन बंद झाला. मॅडम खिडकीशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "निदान एकतीस तारीख जाऊ द्या. मग लिहा."

"तवा मी कॉलेजची राहणार नाय, मॅडम. तिला कॉलेजचं पायजे."

मग मॅडमनीच कागद काढून दिला. शाई कधीची पेनात सुकलेली, दोनदा झटकावी लागली. नवसाबाईने एकेक अक्षर सुटं लिहिलं: तारीख, काट्याचा नंबर, पेटीचा नंबर, वजन. भिकनचं नाव लिहिताना ती थांबली आणि मग तेही लिहिलं. खाली सही केली. सही तिची चांगली होती, रोज मस्टरवर करून वळण बसलं होतं.

मग तिने टेबलावरचं शिक्क्याचं पॅड ओढून घेतलं.

"अंगठा कशाला?" मॅडम म्हणाल्या. "सही केलीत ना?"

"आसू द्या," नवसाबाई म्हणाली आणि उजवा अंगठा शाईत दाबला. "त्या दिवशी हाच होता."