पास्कलच्या गुत्त्यातला गाण्याचा कार्यक्रम

सुखाच्या दिवसांचे किस्से होत नाहीत. जेवलो, झोपलो, संपलं! जीव टांगणीला लागला की माणसं काहीबाही बोलतात, काहीबाही करतात, आणि मग किस्से साठतच जातात. माझ्याकडचे बहुतेक सगळे एकाच वर्षातले आहेत. माझ्या बेबीच्या हृदयाला भोक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, ते वर्ष. बेबी तीन वर्षांची. रडली की ओठ निळे पडायचे. मी दिवसभर दुसरं काही बघतच नव्हते. फक्त तिचे ओठ.

*

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. इस्पितळवाले म्हणाले, "माणसं आणा, रक्त जमा करा, मग तारीख देऊ." आमचे हे अंधेरीतली आमची अख्खी चाळ फिरले. जो तो म्हणे, "रक्त दिलं की माणूस वाळतो रे!"

शेवटी हे गावठाणातल्या पास्कलच्या देशी दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले. प्यायला नाही, हे पीत नाहीत. रडायला. घरात रडले असते तर बेबीपण रडली असती.

पास्कल म्हणाला, "माणसंच पायजे ना? माझ्याकडं रोज गर्दी असते. रविवारी मागच्या अंगणात म्युझिकचा प्रोग्रॅम ठेवू. तिकीट नाय. जो ऐकायला बसंल, तो सोमवारी हात पुढं करंल."

"पण माणसं धडधाकट लागतात म्हणे," हे म्हणाले.

पास्कलनं आत वळून गिऱ्हाइकांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "शोधू!"

*

डॉक्टरांची अट होती, रक्त देणाऱ्यानं आधी दारूला शिवायचं नाही. पास्कलनं शुक्रवारपासूनच गुत्ता बंद केला. तरी माणसं यायची, सवयीनं. बाकड्यावर बसायची, सोडा प्यायची, हात थरथरायचे ते मांडीखाली दाबून धरायची.

एकजण अगदी रडकुंडीला आला. "पास्कल, एकच दे यार. कुणाला कळतंय?"

पास्कल म्हणाला, "तू घे. पण तू प्यायलास म्हणजे त्या पोरीला पाजलीस."

तो सोड्याचा ग्लास खाली ठेवून निघून गेला. सोमवारी सगळ्यात आधी तोच हजर होता.

*

शेवंताकाकी आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. त्यांचा नवरा याच गुत्त्याच्या पायरीवर मेला होता. तेव्हापासून त्या गल्लीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाजाराला जायचं तरी लांबून वळसा घालायच्या. त्यांना बोलवायची माझी हिंमतच झाली नाही.

रविवारी दुपारी त्या आपणहून आल्या. अंगणाच्या दारात उभ्या राहिल्या. पास्कल धावत खुर्ची घेऊन आला. "बसा ना, काकी."

"बसायला नाही आले. हात द्यायला आले," काकी म्हणाल्या. "माझ्या घरातून तुझ्या दुकानात रक्तच काय ते यायचं राहिलं होतं."

आणि संपूर्ण कार्यक्रम उभ्यानं ऐकला.

*

गाणं-बजावणं म्हणजे काय, तर एक चाळीतलं भजन आणि दुसरा गावठाणातला बँड. बँडचा मास्टर जॉनी, पास्कलचा मेहुणा. भजन झालं, बँड उभा राहिला. पितळी वाद्यं घासूनपुसून झकास चमकत होती. वाजायला लागली आणि मी चाल ओळखली. गावठाणातून शवपेटी निघते तेव्हा वाजतं, तेच!

मी बेबीला कडेवर घेऊन तशीच पुढं धावले. "बंद करा! माझी पोर जिवंत आहे अजून!"

जॉनीनं वाद्य खाली घेतलं. बिचारा घामाघूम झाला होता. "सॉरी, भाभी. लग्नात आता सगळे टेप लावतात. आम्हाला बोलावतात फक्त मयताला. हात आपोआप तिकडंच जातात."

मग त्यांनी लग्नातलं गाणं धरलं. पण तेसुद्धा मयताच्याच चालीनं! बेबीनं मात्र टाळ्या वाजवल्या. मी तिचे ओठ बघत होते.

*

शेवटी आमच्या चाळीतले म्हातारे तात्या गाऱ्हाणं घालायला उठले. आम्हा मालवणी माणसांत कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस एक-एक मागणं मोठ्यानं म्हणतो, तो थांबला की बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" पास्कलपण भक्तिभावानं ओरडत होता. पण त्याला सवय नाही ना! सगळ्यांचं ओरडून झालं की मागून याचं एकट्याचं यायचं, "व्हय म्हाराजा!" माणसं हसत होती.

तात्यांनी आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या जिवाक काय वायट होऊचा आसात..."

आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. गिरणीतल्या कापसानं छाती पोखरलेली. तात्या थांबले, आणि सगळं अंगण एका सुरात ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

आपण कशाला हो म्हटलं, ते एकेकाच्या ध्यानात येत होतं. तेवढ्यात मागून पास्कल, "व्हय म्हाराजा!"

तात्यांना पुढं "तर ता आमच्यार घाल", म्हणजे पोरीवरचं संकट आमच्यावर घाल, असं म्हणायचं होतं. पण खोकला थांबेना. त्यांना धरून खाली बसवलं.

मी रात्रभर बेबीच्या छातीवर हात ठेवून बसले. सकाळी तात्यांच्या पाया पडले. "तात्या, पुन्हा घाला हो. पुरं करा."

"गाऱ्हाणा एकदाच घालूचा असता गो, बाय," तात्या म्हणाले. त्यांना माझ्याकडं बघवेना.

*

सोमवारी सगळी पलटण पास्कलच्या टेम्पोतून इस्पितळात गेली. ज्या टेम्पोतून दारूचे खोके यायचे, तोच! नर्सबाईंनी दारातच नाकाला पदर लावला. "सगळे पिऊन आलात? लाज नाही वाटत?"

शपथा घेतल्या, देवाची नावं घेतली. उपयोग नाही. शेवटी टेम्पोतला वास उडेपर्यंत सगळे शर्ट काढून आवारात उन्हात वाळत उभे राहिले. शेवंताकाकी तेवढ्या आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "वीस वर्षं हा वास मी धूत होते. उन्हानं नाही जात."

*

ऑपरेशनच्या दिवशी सगळे आले होते. तात्या, जॉनी, काकी, गुत्त्यातली माणसं. पास्कल उशिरा पोचला, तो जिन्यातच उभा राहिला.

संध्याकाळी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. "तुमच्या मुलीच्या जिवाला..." एवढं म्हणाले आणि तोंडावरची पट्टी सोडायला थांबले.

गाठ सुटेना. मी पदर तोंडात कोंबला. यांनी दातांत मूठ धरली. तात्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. माझ्या मागं ओळीनं सगळ्यांचे हात तोंडावर!

"...आता धोका नाही," डॉक्टर म्हणाले.

कुणी हात काढेना. डॉक्टर आमच्याकडं बघत राहिले.

"अहो, मुलगी वाचली तुमची. ऐकताय ना?"

आणि तेवढ्यात मागून, जिन्यातून, पास्कल:

"व्हय म्हाराजा!"