काठी कलते की मष्णू

मष्णूआप्पाला गावात कुणी ‘बरा हाईस का’ असं विचारत नसे. विचारायचे ते ‘काठी कशी हाय’ असंच. निपाणीजवळ, तवंदीच्या घाटाखालच्या त्या गावातली जोतिबाची सासनकाठी पेलायचा मान त्याच्या घराकडं होता. हा माणूस बाकीचं वर्षभर तंबाखू पिकवतो, हे लोक विसरूनच जात, आणि खरं सांगायचं तर तोही विसरायचा.

काठी म्हणजे देवळाच्या शिखराहून उंच कळक, जाडजूड बांबू. बुडखा मष्णूच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात, आणि वरून सुटलेले चार दोर चार बाजूंना चार गड्यांच्या हातात. मधल्यानं शेंड्याकडं बघायचं आणि कुठला दोर ओढायचा ते सांगायचं. दोरवाल्यांनी अक्कल चालवायची नाही, हा नियम मष्णूच्या बापाचा. मष्णू तो दरवर्षी असा ऐकवायचा, जणू पोरं आजच जन्माला आलीत.

इंग्रज जाणार, राज्य बदलणार, अशा गप्पा चावडीवर रंगल्या होत्या, त्या साली मष्णूचं घरच फिरायला लागलं. पहाटे तो कुशीवर वळला आणि आढं गरकन फिरलं. उठून बसला तर भिंत चालायला लागली.

“धरणीकंप झाला का गं?” त्यानं बायकोला विचारलं.

“कुठं?” मालुबाई चुलीपाशी होती.

“मग ह्यो हंडा कसा हालला?”

“हंडा हाय तिथंच हाय. तुमी हाललासा.”

कुणी पित्त म्हणालं, कुणी करणी म्हणालं. चुलतभाऊ रवळू म्हणाला, “वय झालं, आण्णा.” करणीपेक्षा हे मष्णूला जास्त झोंबलं. त्याच्या दोन्ही लेकी नांदायला गेलेल्या, मुलगा नाही. त्यानं पट्टा सोडला की मान रवळूच्या घरी जाणार, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. मष्णू मग गपचीप पडून राहिला, म्हणजे तरी घर थांबेल. पण जितका पडून राहावा तितकं उठल्यावर जास्त फिरायचं.

पाडव्याला काठी उभी केली. मष्णूनं वर बघितलं, तर शेंडा डावीकडं निघालेला. “उजवा वढा!” तो ओरडला. उजव्या दोरावरच्या भरमूनं ओढला, आणि काठी अशी कलली की बायकामाणसं आरती टाकून पळाली. चौघांनी मिठी मारून ती कशीबशी लिंबाला टेकवली.

“डावीकडं गेलती,” मष्णू म्हणाला. “मी बघितलं की.”

“सरळ हुती, आप्पा,” भरमू खाली बघत म्हणाला.

भरमू खोटं बोलणारा गडी नव्हता. आपले डोळेही कधी खोटं बोलले नव्हते. आता कुणाचं खरं धरायचं, ते मष्णूला काही केल्या कळेना, आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

मालुबाईनं त्याला गाडीत घालून निपाणीला मार्तंडराव डॉक्टरांकडं नेलं. हे नुकतेच लढाईवरच्या इस्पितळातून परतले होते. त्यांनी मष्णूची मान इकडं वळवली, तिकडं वळवली, डोळ्यांत बघत बसले आणि म्हणाले, “तोल कानात असतो, आप्पा. कानाच्या आत. तुमचा कान आता खोट्या बातम्या देतोय.”

“मला झ्याक ऐकू येतंय की.”

“ऐकायचं काम वेगळं. हे तोलाचं.” त्यांनी औषधाची बाटली दिली नाही. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडं हलवायची. मग वर, मग खाली. उठायचं, बसायचं. शेवटी भिंतीला धरून, बायकोला शेजारी घेऊन, डोळे मिटून चालायचं. “चक्कर येईल. येऊ दे. थोडी थोडी रोज आणायचीच, म्हणजे डोक्याला तिची सवय होते. आणि डोळे नि कान भांडायला लागले, तर पायांचं ऐका.”

परतताना घाट दिसायला लागल्यावर मष्णू बोलला, “चक्कर घालवायला गेलतो. त्यानं आनखी आणायला सांगितली. ह्यो डॉक्टर हाय का कोण हाय?”

तरीपण करायला लागला. घोडामैदान जवळ होतं, दुसरा इलाज नव्हता. अंगठा नाकासमोर धरून मान हलवत अंगणात बसलेला मष्णू बघून शेजारची जयाबाई कुंपणाशी थबकली.

“आप्पा कुणाला न्हाय न्हाय म्हणत्यात गं?”

“मला,” मालुबाई म्हणाली. “जलमभर तेच ऐकतोय.”

पण डोळे मिटून चालायची वेळ आली की त्याच्या कोपराखाली तिचाच हात असायचा. तो घागरींवर आदळला, तुळशीला धडकला, एकदा तर शेणाच्या पाटीत पाय घातला. एखाद्या सकाळी आढं जागच्या जागी असायचं, आणि लगेच दुसऱ्या सकाळी गरगर. दुखणं चाललंय की मुक्कामाला बसलंय, हेच त्याला समजेना. चैत्राच्या जत्रेला काठी घेऊन जोतिबाच्या डोंगराला निघायचा दिवस आला तेव्हाही समजलं नव्हतं.

त्या दिवशी रवळू उजाडतानाच दारात आला. “आण्णा, पट्टा मी बांधू का?”

मष्णूनं पट्टा स्वतःच बांधला.

हलगी कडाडली, गुलाल उडाला, ‘चांगभलं’चा गजर झाला. निघण्याआधी गावातल्या देवळाभोवती पहिला फेरा सुखरूप झाला. दुसऱ्या फेऱ्याला मागच्या कोपऱ्यावर वारा लागला आणि शेंडा आभाळात सरकायला लागला. डावीकडं. पाडव्याला गेला होता तसाच. मष्णूच्या जिभेवर ‘उजवा’ आला होता, तेवढ्यात त्याला जाणवलं की पट्टा उजव्या कमरेला काचतोय. डोळे एक सांगत होते, कंबर दुसरंच.

त्यानं डोळे मिटले. मधल्यानं शेंड्याकडं बघायचं, हा बापाचा दुसरा नियम मोडला. पायाखालची फरशी गरम लागत होती, आणि सगळं ओझं उजव्या टाचेवर उतरत होतं.

“डावा वढा,” तो म्हणाला.

काहीच झालं नाही. डावा दोर रवळूच्या हातात होता.

“रवळू, डावा वढा रं.”

“तू नुस्ता नाच, आण्णा,” रवळू म्हणाला. “दोराचं आमी बघतो.”

मग मष्णूच्या ध्यानात आलं. पाडव्यापासून चौघांचं ठरलेलं होतं. त्याचं ऐकायचंच नाही. मान त्याचा, गुलाल त्याच्यावर, आणि शब्दाला मात्र कवडीची किंमत नाही. त्याला रडू कोसळलं. गुलालात ते कुणाला दिसलं नाही.

“माझे डोळे मिटल्यात, रवळू,” तो हळू म्हणाला. “मी काय बी बघंना झालोय. तू वर बघ, आन् मला सांग. उजवीकडं चाललीय का न्हाय?”

हलगी वाजत होती. कंबर बोलतेय ते खरं, की हाही त्या कानाचाच नवा खेळ, हे मष्णूला ठाऊक नव्हतं. अंगणात निदान कोपराखाली हात असायचा. इथं तो एकटाच उभा होता, आणि टाच दुखत होती.

मग डावीकडचा दोर करकरला. ओझं टाचेवरून सरकलं आणि पोटाच्या मधोमध येऊन बसलं.

“आता कुठला, आण्णा?” रवळूनं विचारलं.